नऊ नाहीत, अकरा

साहेबांना "कसे आहात?" असं विचारायची आमच्या कारखान्यात कुणाची हिंमत व्हायची नाही, कारण ते खरंच सांगायचे. सकाळच्या पाळीला गेटवर कार्ड लावताना एखादा नवा माणूस सहज बोलून जायचा, "काय साहेब, बरंय ना?" साहेब थांबायचे. चष्मा काढून पुसायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, "डावा गुडघा दुखतोय. काल पोरीचा फोन आला होता, तिच्यावर उगीच चिडलो. तेवढं सोडलं तर बरंय. तुमचं सांगा." विचारणारा तोवर चार पावलं पुढं गेलेला असायचा. तो बिचारा परत यायचा आणि मागं रांग खोळंबायची.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते रागावतील असं नाही, एवढंच विचारतील, "माझं लिहिलंस, मग तुझं का नाय लिहिलंस?" आणि या गोष्टीत माझं नाव लिहायला मला अजून जड जातं.

वाळूजला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते भट्टी विभागाचे प्रमुख होते. दातेरी चाकं, पिना, दांडे भट्टीत लाल करायचे आणि तेलात बुडवायचे; म्हणजे लोखंड कडक होतं. कमी कडक झालं तर झिजतं, जास्त झालं तर तुटतं. मधलं नेमकं साधायचं हे आमचं काम. साहेब मूळचे पिशोरचे. दहावी उर्दू शाळेत, पुढं शहरातल्या तंत्रनिकेतनात. घरी दखनी, कामावर मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. पण रागातसुद्धा अरे-तुरे नाही. झाडूवाल्यालाही "अहो", शिकाऊ पोरालाही "राव". मी बावीस वर्षांची, पदवीची शाई न वाळलेली पोरगी, तर मला पहिल्या दिवसापासून "मॅडम".

मी वैजापूरची. वडील तहसील कचेरीत शिपाई होते. दुसऱ्यांच्या दारांबाहेर स्टुलावर बसून त्यांचं आयुष्य गेलं, आणि ते स्टूल बघत माझं बालपण. म्हणून शहरात खोली घेतल्यावर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला होता: "तिशीच्या आत मॅनेजर." रोज कपाटातून कपडे घेताना तो दिसायचा. पुढं जे झालं त्याचं खापर मी त्या कागदावर फोडत नाही; पण तो होता, हे सांगितलं पाहिजे.

पहिल्याच महिन्यात मी साहेबांकडं चुगली घेऊन गेले. माझ्याबरोबर दीपक नावाचा मुलगा लागला होता, पाचोडचा. तो रोज वीस मिनिटं उशिरा यायचा आणि तोवर त्याचं काम माझ्या गळ्यात पडायचं. मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले, दार ओढून घेतलं.

"सर, एक सांगायचं होतं. दीपकबद्दल."

"थांबा मॅडम." त्यांनी एक हात वर केला आणि दुसऱ्यानं फोन उचलला. "दीपकराव आहेत का तिथं? जरा पाठवा. मॅडमना त्यांच्याबद्दल काही सांगायचंय."

मी घाईघाईनं माघार घेतली. "सर, तसं काही खास नाही."

"खास नाय, तर मग त्यांच्यासमोर सांगायला काय हरकत?"

दीपक हात पुसत आला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि माझ्याकडं बघितलं. मी चाचरत सांगितलं. मला वाटलं, आता हा आयुष्यभराचा वैरी झाला. पण दीपक म्हणाला, "व्हय सर, उशीर होतो. पहिली गाडी पकडतो, पण ती हात दाखवंल तिथं थांबती."

"मग कसं करायचं?"

"संध्याकाळी मी अर्धा तास थांबत जातो. जाताना मॅडमना जे आवरावं लागतं ते मी आवरतो."

"चालंल मॅडम?"

"चालेल."

तीन मिनिटांत मिटलं. बाहेर पडताना साहेब म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी दार उघडंच ठेवत जा. बंद दाराआड माणूस दीडपट बोलतो."

त्यांचा हा नियम साऱ्या कारखान्याला माहीत होता. गैरहजर माणसाबद्दल ते ऐकायचेही नाहीत आणि बोलायचेही नाहीत. आधी तो माणूस समोर येणार, मग बोलणं. त्यामुळं आमच्या विभागात चुगलखोरी जवळजवळ मेली होती. भांडणं मात्र भरपूर व्हायची, कारण सगळं तोंडावर. साहेब स्वतः रोज कुणाशी ना कुणाशी भांडायचे आणि सकाळी ज्याच्याशी भांडले, दुपारी डबा त्याच्याच टेबलावर नेऊन उघडायचे. उत्पादन विभागातले एक गृहस्थ वैतागून म्हणाले होते, "साहेब, निदान जेवताना तरी सोडा." तर हे म्हणाले, "भांडण झालं सकाळी. आता मेथीची भाजी आहे, घ्या."

वर्षातून एकदा सगळ्यांना आपल्याच कामाचं मूल्यमापन लिहून द्यावं लागायचं. त्यात "तुमच्या उणिवा" असा रकाना असायचा. आम्ही सगळे तिथं लबाडी करायचो. "मी कामात फार गुंतून जातो", "मला अपूर्ण काम सहन होत नाही" असं काहीतरी लिहायचो. साहेब लिहायचे: "राग लवकर येतो. संगणकावर हात चालत नाही. या वर्षी दोनदा भट्टी बंद करायचा निर्णय उशिरा घेतला, माल वाया गेला." एचआरच्या शिंदे मॅडम त्यांना बोलावून विनवायच्या, "साहेब, असं लिहिलं तर वर काय जाईल?" साहेब विचारायचे, "खोटं आहे का?" "खोटं नाही हो." "मग जाऊ द्या वर."

वर गेलं आणि साहेब खालीच राहिले. चौदा वर्षं एकाच पदावर. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघं त्यांच्या वर जाऊन बसले होते, आणि साहेब त्यांनाही "या, बसा" म्हणून खुर्ची द्यायचे. यात त्यांचा मोठेपणा किती आणि हट्ट किती, ते मला तेव्हा कळायचं नाही. कधीकधी त्यांचा रागच यायचा. वाटायचं, एवढं खरं बोलून काय मिळवलं या माणसानं?

शिकवायची त्यांची रीतही वेगळी होती. भट्टीचं तापमान, वेळ, तेल हे सगळं दोन महिने समजावून झालं की ते नव्या माणसाच्या हातात पाळी सोपवायचे आणि स्वतः लांब स्टुलावर बसायचे. चुकलं तरी उठायचे नाहीत. माल नरम निघाला की परत भट्टीत घालायचा आणि वहीत नोंद करायची. त्या नोंदीखाली करणाऱ्याची सही असायची. पण महिन्याचा अहवाल वर जाताना चूक विभागाच्या नावावर, म्हणजे साहेबांच्या नावावर जायची. चांगलं काही झालं की उलट. त्या अहवालाच्या पहिल्याच पानावर भट्टीवाल्यापासून तेल बदलणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं असायची, आणि साहेबांचं नसायचं.

माझ्या हातूनही दोनदा माल नरम निघाला होता.

चौथ्या वर्षी रणजित सर आले. उत्पादनप्रमुख, चाळिशीच्या आतले, पुण्याहून. माणूस हुशार होता. कामाला वाघ. बोलणं इतकं गोड की त्यांच्या केबिनमधून बाहेर येणाऱ्याला आपण उंच झालोय असं वाटायचं. त्याच सुमारास शेंद्र्याला नवा कारखाना उभा राहायचं ठरलं. दोन्ही कारखान्यांचा मिळून एक प्रमुख नेमणार होते. वयानं, अनुभवानं साहेबांचं नाव पुढं होतं. वर काही लोक त्यांच्या बाजूचेही होते. रणजित सरांना ते पद हवं होतं.

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. दार बंद केलं.

"तुझ्यासारखी मुलगी इथं धुरात किती दिवस राहणार?" ते म्हणाले. "शेंद्र्याला भट्टी विभाग नव्यानं उभारायचाय. मला तिथं तू हवी आहेस. असिस्टंट मॅनेजर."

माझ्या डोळ्यांसमोर कपाटाचं दार आलं.

"फक्त एक मदत कर. गेल्या वर्षभरात तुमच्या विभागात किती वेळा माल परत भट्टीत घालावा लागला, त्याची नीट यादी दे. तारीख, कारण, उशीर. लपवाछपवी काही नाही, वहीतलंच आहे. तुझं नाव कुठं येणार नाही."

वहीतलंच आहे, खोटं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून यादी केली. अकरा नोंदी होत्या. त्यांतल्या दोन माझ्या सहीच्या. त्या दोन मी गाळल्या. एकदाही थांबून विचार केला नाही, हे आज आठवलं की लाज वाटते.

आढावा बैठकीला मुख्य कार्यालयाचे मोठे साहेब आले होते. पंधरावीस माणसं, आकडे मांडायला म्हणून मीही कोपऱ्यात. रणजित सरांनी पडद्यावर यादी दाखवली. आवाजात दुःख आणून म्हणाले, "अनुभवी माणसांबद्दल मला आदर आहे. पण एका वर्षात नऊ वेळा असं होत असेल, तर दोन कारखाने कुणाच्या हाती द्यायचे याचा विचार व्हावा."

सगळे साहेबांकडं बघायला लागले. साहेब उठले, पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून एकेक ओळ वाचली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "लई नीट केलीय यादी. एवढी सुबक माझ्याकडं पण नाय. फक्त नऊ नाहीत, अकरा आहेत. दोन राहिल्यात."

त्यांना सगळ्या नोंदी पाठ असायच्या. कुठल्या दोन राहिल्यात हे त्यांना कळलं होतं आणि म्हणून यादी कुणी केली हेही. आता ते माझ्याकडं बोट करतील, म्हणून मी मान खाली घातली.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "त्या दोन कुणाच्या चुका?"

"विभाग माझा आहे," साहेब म्हणाले. "माझ्या नावावर धरा."

आणि जागेवर जाऊन बसले.

पद रणजित सरांना मिळालं. साहेबांची रवानगी कँटीनमागच्या प्रशिक्षण खोलीत झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझ्या बढतीसाठी मात्र एक औपचारिकता बाकी होती: जुन्या प्रमुखाचं मत. शिंदे मॅडमनी तो गोपनीय फॉर्म साहेबांना दिला. साहेबांनी तो कोरा परत नेला आणि म्हणाले, "ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांना बोलवा आधी."

"साहेब, हे गोपनीय असतं."

"म्हणूनच."

मी गेले. साहेब शिंदे मॅडमच्या समोर बसले होते, फॉर्म मांडीवर. मला म्हणाले, "बसा मॅडम. मी बोलतो, चुकलं तर मधी बोला."

मग त्यांनी माझं काम सांगितलं. चार वर्षांत मी काय काय केलं होतं, ते मलाही आठवत नव्हतं इतकं. नव्या तेलाची चाचणी, रात्रपाळीत वीज गेल्यावर वाचवलेला माल, दीपकला शिकवलेले आलेख. शिंदे मॅडम लिहीत होत्या.

"आणि उणीव?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"दुसऱ्याच्या चुका मोजण्यात एक नंबर," ते म्हणाले. "स्वतःच्या मोजताना हात अडखळतो."

शिंदे मॅडम हसल्या. त्यांना त्यात गंमत वाटली. "मग पद द्यायचं का नाही, साहेब?"

"द्या. भट्टी यांना कळते. माणूस कळायला वेळ लागंल, तो सगळ्यांनाच लागतो." मग माझ्याकडं वळून, "काही चुकलं का माझं, मॅडम?"

"नाही सर."

"मग सही करतो."

मी शेंद्र्याला गेले. एकोणतिसाव्या वर्षी मॅनेजर झाले. कपाटातला कागद काढला, त्याचा डिंक मात्र दाराला राहिला. मधल्या काळात साहेबांना एकदाही भेटले नाही. त्यांच्या निरोप समारंभाला तपासणीचं निमित्त सांगून नुसता पुष्पगुच्छ पाठवला. रणजित सर पुढं हैदराबादला आणखी मोठ्या जागेवर गेले. त्यांचं उत्तम चाललंय. गोष्टीत असतं तसं त्यांचं काही वाईट झालं नाही.

मग दीपकचं लग्न निघालं. पाचोडला मंडपात आमचा जुना भट्टी विभाग सगळा भेटला. जेवणं झाल्यावर कुणीतरी साहेबांचा विषय काढला आणि मी सांभाळून बोलायला लागले, तसा दीपक म्हणाला, "मॅडम, ते वहीतलं आम्हाला समद्यांना माहीत होतं. तुमच्या दोन सह्या. आम्ही साहेबांकडं गेलतो, म्हणलं, आम्ही वर जाऊन सांगतो. तर ते काय म्हणले माहितीय? म्हणले, मॅडम इथं नायत. त्या असताना बोला."

नवरदेवाच्या वेशात, डोक्याला बाशिंग असलेला तो मुलगा हे अगदी सहज सांगून गेला आणि वऱ्हाड्यांना पान द्यायला उठला. म्हणजे ही सगळी माणसं इतकी वर्षं गप्प होती. माझ्यासाठी नव्हे, साहेबांच्या शब्दासाठी.

पुढच्या रविवारी मी पिशोरला गेले. उन्हाळा होता. साहेब शेतात अद्रक लावायचे वाफे करून घेत होते. डोक्याला पंचा, पायात जुने सेफ्टी शूज. मला बघून त्यांनी खोरं ठेवलं. चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बाजेवर चादर टाकली, पाणी आणलं. मी पाठ केलेलं बोलले. यादी मी केली, दोन गाळल्या, माझी चूक झाली, मला माफ करा.

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं. मोठी माणसं असंच म्हणतात.

साहेब म्हणाले, "लागलं होतं. लई लागलं होतं." मग हाक मारली, "अजी, इकडं या. हिला सांगा, मी किती शिव्या घातल्या ते."

चाची पदरानं तोंड झाकून हसायला लागल्या. "क्या बोलूँ बेटा, दो महिने रोटी नीट नै खाई इन्होंने. तुझं नाव घ्यायचे नाहीत. 'ती पोरगी, ती पोरगी' करायचे."

"गैरहजर माणसाला शिव्या घातल्या मी," साहेब म्हणाले. "जिंदगीत पहिल्यांदा. आज तू समोर आहेस, म्हणून सांगून टाकलं. रणजितरावांचं नाय वाटलं काही. त्यांना मी शिकवलं नव्हतं."

पहिल्यांदाच त्यांनी मला "तू" म्हटलं होतं. मी रडत होते. त्यांनी रडू दिलं. समजूत काढायची खोटी घाई त्यांनी केली नाही.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग, माफ केलं का साहेब?"

त्यांनी डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं. "अजून कळलं नाय," ते म्हणाले. "हो म्हणलं असतं, पण ते खोटं झालं असतं. तू येत जा. कळलं की सांगतो."

मी जात राहिले. पावसाळ्यात दोनदा गेले, तेव्हा अद्रकाची पाती गुडघाभर आली होती. दिवाळीत चकल्या घेऊन गेले, ईदला शीरखुर्मा खायला. कामावरचं सांगायचे; कुणाची बढती, कुणाचं राजकारण. मी कुणाचं नाव घेतलं की ते हात वर करायचे आणि मी गप्प व्हायचे. मग आम्ही भट्टीवर बोलायचो, पिकावर बोलायचो. त्यांनी माफीचा विषय काढला नाही, मीही नाही. निघताना दरवेळी वाटायचं, आज सांगतील. मग गाडीत बसल्यावर वाटायचं, आज नाही.

गेल्या जानेवारीत ऑफिसात असताना त्यांचा फोन आला.

"अद्रक काढायला घेतलंय. कधी येतेस? पोतंभर काढून ठेवतो तुझ्यासाठी."

"शनिवारी येते, साहेब." मग का कोण जाणे, धीर करून म्हणाले, "साहेब, कळलं का?"

"काय?"

"ते. माफ केलं का ते."

पलीकडून खोरं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, ते व्हय!" साहेब म्हणाले. "ते कधीच झालं. दिवाळीच्या आधीच. मी सांगणार होतो, पण चाची म्हणली, सांगू नका. सांगितलं तर यायची थांबंल ती."

मागून चाचींचा आवाज आला, त्या त्यांच्यावर ओरडत होत्या. साहेब फोन तसाच धरून त्यांना समजावत होते की पोरगी विचारत होती, मग काय खोटं बोलू? मी फोन कानाला लावून दोघांचं भांडण संपायची वाट बघत बसले. बराच वेळ चाललं ते. मला काही घाई नव्हती.